जस्ती पत्रा पाण्याला चालतो, चुलीला नाही

उजनीचे पाणी भिगवणपासून इंदापूरच्या गावांपर्यंत पसरले आहे. त्या पाण्यातली चिलापी, कटला, रोहू आपल्या ताटात येतात. मासळी जास्त मिळाली की ती भाजून किंवा धुरी देऊन ठेवावी असे वाटते. कुणाला चान्या निखाऱ्यावर भाजायच्या असतात. विकतची भट्टी परवडत नाही, म्हणून ती घरीच जोडली जाते. तळ फुटलेली बादली, छपराचा उरलेला पत्रा आणि वर खुराड्याची जाळी. काटकसर चांगलीच आहे. पण या तिन्ही वस्तूंवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो, आणि काळजी तिथेच घ्यायची आहे.

लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर चढवतात. यालाच आपण जस्ती किंवा जीआय पत्रा म्हणतो. नव्या पत्र्यावर चंदेरी फुले दिसतात. जुना पत्रा मळकट राखाडी होतो आणि त्यावर कधी पांढरी भुकटी धरते. छपराला, पाण्याच्या बादलीला, धान्याच्या कोठीला हा पत्रा उत्तम. मात्र विस्तव आणि आंबट-खारट पदार्थ त्याला सोसत नाहीत.

आधी विस्तवाचे पाहू. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते. फुललेल्या निखाऱ्यांची उष्णता सहज ६०० अंशांच्या वर असते. म्हणजे ज्या बादलीत निखारे पेटवले, तिचा मुलामा टिकत नाही. आग फार फुलली तर जस्ताची वाफ होते आणि ती पांढऱ्या धुरासारखी वर येते. भट्टीच्या लांबच्या बाजूला, जिथे नुसता धूर खेळतो, तिथे उष्णता साधारण शंभर अंशांच्या आसपास असते. तिथे मुलामा वितळत नाही. खरा धोका विस्तवाच्या जागेचा आणि विस्तवावरच्या जाळीचा.

या धुराने काय होते, हे वेल्डिंगची कामे करणाऱ्या आपल्या मुलांना विचारा. बारामती एमआयडीसीत आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत ती रोज पत्रा जोडतात. जस्ती पत्र्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, थंडी वाजून ताप भरतो. अंग मोडून येते, खोकला येतो, तोंडाला धातूची चव येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत ताप उतरतो, म्हणून लोक तो अंगावर काढतात. गूळ खाल्ला, दूध प्यायले की हा धूर बाधत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. धूर फुप्फुसात जातो, गूळ पोटात. उपाय एकच, तो धूर छातीत जाऊ न देणे.

आता आंबट-खारट. मासळीला आपण मीठ, लिंबू, चिंच लावतो. या गोष्टी जस्त विरघळवतात आणि ते अन्नात उतरते. शरीराला जस्त लागते, पण ते फार थोडे. जास्त गेले तर मळमळ, उलटी, पोटात कळा, जुलाब होतात. शिवाय मुलाम्यात शिशाचा थोडा अंश असू शकतो, आणि शिसे लहान मुलांना व गरोदर बाईला थोडेही नको. म्हणून मिठाची मासळी किंवा चान्या जस्ती तारेवर वाळत घालू नयेत, सुती दोरीवर घालाव्यात. ताक, चिंचेचे पाणी, लोणचेही जस्ती भांड्यात ठेवू नये.

मग भट्टी कशाची करावी? विस्तवाची जागा विटा आणि मातीची करा. पत्राच हवा असेल तर दुकानात ‘काळा पत्रा’ मागा, त्याला जस्त नसते. जाळी आणि सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. पैसे एवढ्यापुरतेच असतील तर ते जाळीवर घाला, कारण अन्न तिलाच टेकते. रंगाचे, तेलाचे, औषधांचे डबे भट्टीला मुळीच घेऊ नका. ‘एकदा रिकामी पेटवून जस्त जाळून टाकू’ असे काहीजण म्हणतात. तसे करू नका, तो सगळा धूर आपल्याच दारात होतो. आणि भट्टी कोणतीही असो, ती बंद खोलीत पेटवू नका. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

आजवर जस्ती जाळीवर भाजून खाल्ले असेल तर घाबरू नका. जाळी बदला. धुरानंतर ताप आला तर मोकळ्या हवेत विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना धुराचे आवर्जून सांगा, नाहीतर तो साधा थंडीताप वाटतो. धाप लागली किंवा छाती भरून आली तर १०८ ला फोन करा. जुनी बादली फेकायची गरज नाही. धड असेल तर पाण्याला ठेवा, फुटकी असेल तर तिच्यात तुळस लावा.