बॅलेरिनाचा बूट, फडाचं हँडबिल

बीड जिल्ह्यात सह्या जमवण्याचा नाद असलेल्याने आधी अंबाजोगाई गाठावी. योगेश्वरीचं दर्शन झालं की दासोपंतांच्या पासोडीचं. 1551 ते 1615 हा या संतकवीचा काळ. त्यांनी पंचीकरणासारखा जड विषय लिहायला घेतला तो थेट या पासोडीच्या कापडावर: सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद! ऑटोग्राफ बुकवाल्यांनी इथे हात जोडावेत.

पण हा झाला शब्दांचा माणूस. नाचणाऱ्याचा ऐवज पडदा पडला की संपतो. मग त्याचे चाहते काय जपतात? हाताला लागेल ते.

कधीकधी तर खातातसुद्धा! मारी टॅलिओनी ही एकोणिसाव्या शतकातली बॅलेची महाराणी. 1842 मध्ये ती रशियातून निघाली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी तिचे नाचाचे बूट म्हणे 200 रुबलला विकत घेतले, शिजवले आणि रश्शाबरोबर फस्त केले. आख्यायिकाच ही, पण बॅलेवाले ती आजही चवीने सांगतात.

बूट न खाणाऱ्यांसाठी बाजार आहे. अंगठ्याच्या टोकावर उभं राहण्यासाठीचा तो सॅटिनचा बूट आतून कापडाचे आणि कागदाचे थर गोंदाने चिकटवून कडक केलेला असतो. घामाने तो मऊ पडतो. मोठ्या भूमिकेत एक जोड एका रात्रीत बाद होतो. न्यूयॉर्क सिटी बॅलेसारख्या संस्था हे बाद बूट नर्तकीची सही घेऊन विकतात. भंगारातून निधी! बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हच्या मृत्यूनंतर 1995 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा झिजलेल्या बुटांसाठीही हजारो डॉलर मोजणारे निघाले.

आपल्या लावणीतल्या घुंगरांच्या चाळेचं उलट. ती वर्षानुवर्षं टिकते, घुंगरू निसटलं तर पुन्हा ओवायचं. संग्राहकाच्या हाती येणार काय, कपाळ?

लावणीत सही कागदावर नसते, गाण्यातच असते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो: होनाजी बाळा असो, परशराम असो की पठ्ठे बापूराव. फडावर नाचणारी बाई दर प्रयोगात ही सही करते, पण नाव शाहिराचं. तिचं स्वतःचं नाव कुठे? त्यावर कलकत्त्याच्या गौहर जानने तोड काढली. 1902 मध्ये ग्रामोफोनसाठी गायला उभी राहिली आणि गाणं संपताच इंग्रजीत ठणकावून आपलं नाव सांगून मोकळी झाली. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं, हा त्यामागचा हिशेब सांगतात. गौहर नृत्यातही तयार होती. तिची जुनी तबकडी मिळाली तर सहीसकट मिळते.

दगडातल्या नर्तकींचीही तीच कथा. परळीजवळ धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर चालुक्यकालीन सुरसुंदरी उभ्या आहेत, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. कर्नाटकात बेलूरच्या मदनिकांखाली तर दासोजासारख्या शिल्पकारांनी चक्क नावं कोरून ठेवली आहेत. मूर्ती नाचरीची, सही घडवणाऱ्याची!

मराठवाड्याचा बॅलेशी काय संबंध, असं कुणी विचारलंच तर अजिंठा दाखवावा. बीड आणि अजिंठा दोन्ही निजामाच्या राज्यात होते, तेव्हा 1923 मध्ये लंडनच्या रंगमंचावर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला बॅले आला. नाचली कोण? साक्षात रशियन बॅलेरिना आना पावलोवा. त्याच वर्षी नर्तक उदय शंकर रंगमंचावर तिचा कृष्ण झाला होता. त्या दौऱ्याची छापील कार्यक्रमपत्रिका हाती लागली, तर ती मराठवाड्याचीच वस्तू म्हणून खुशाल मिरवावी.

खिसा हलका असेल तर टपाल तिकिटं. 1975 मध्ये भारतीय टपाल खात्याने शास्त्रीय नृत्यांची सहा तिकिटं काढली: भरतनाट्यम, ओडिसी, कथक, कथकली, कुचिपुडी, मणिपुरी. लावणी? नाही. खात्याला विचारायला हरकत नाही.

आता खरा खजिना, ज्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही: जत्रेतल्या तमाशाची हँडबिलं, रंगवलेले बोर्ड, ‘पिंजरा’सारख्या सिनेमांच्या गाण्यांच्या चोपड्या. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री. पण त्यांच्या फडांची हँडबिलं दुसऱ्या दिवशी भेळेला गेली. बॅलेच्या बाबतीत असं होत नाही. नर्तक सर्ज लिफारने जमवलेली रशियन बॅलेची चित्रं 1933 मध्येच अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या संग्रहालयाने विकत घेतली. तमाशाच्या रद्दीत तेवढीच मोलाची चीज पडलेली असते, माझ्या मते काकणभर सरसच.

म्हणून येत्या जत्रेत फडाच्या तिकीटखिडकीवरून एक हँडबिल जास्तीचं मागून घ्या. मागच्या बाजूला गाव आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहा. शाई कधीतरी पसरते. जमलं तर खेळ सुटल्यावर सही घ्या, कलावंत बाईंना ‘ताई’ म्हणून, रांग न मोडता. घरी आल्यावर घडी न घालता सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन तर अजिबात नको.