कॉर्डलेस माईकचा आवाज मध्येच का तुटतो?
वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे रामनवमीच्या यात्रेला बंजारा भाविकांची मोठी गर्दी होते. अशा गर्दीत हरवलेल्या मुलाची सूचना अर्धवट ऐकू आली, तर पालकांची धावपळ वाढते.

एकाच मंचावर अनेक कॉर्डलेस माईक असले, की त्यांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळतात. ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झचे माईक जवळ आले, तर ४९९ आणि ५०२ वरही नको असलेले सिग्नल उमटतात. त्यामुळे तिसरा माईक ५०२ वर लावू नये. फ्रिक्वेन्सींमधील अंतर समान नसावे.

आधी सर्व माईक बंद करून रिसिव्हरवर मोकळे चॅनेल स्कॅन करावे. अँटेना लोकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा. शेवटी सर्व माईक एकदम सुरू करून मंचभर फिरून तपासावे.