टॅलीचा जुना बॅकअप उडवायचा कधी?

परवाच्या व्हिडिओखाली हाच प्रश्न सारखा येत होता, म्हणून इथे लिहितोय.

२०२३ मध्ये मला २०१७-१८ ची जीएसटी नोटीस आली. खरेदीवर घेतलेल्या क्रेडिटचा पुरावा द्या म्हणे. आणि मी काय केलेलं? लॅपटॉपमध्ये जागा होत नाही म्हणून त्या वर्षाचा बॅकअप उडवून मोकळा झालो होतो. बिलं तर पावसात भिजलेली. शेवटी लातूरला गंजगोलाईतल्या आमच्या होलसेलर काकांकडे गेलो. त्यांनी प्रत्येक वर्षाचा गठ्ठा फडक्यात बांधून ठेवलेला! त्यातून झेरॉक्स काढून नांदेडला आणल्या. दोन दिवस दुकान बंद.

कायदा काय सांगतो ते बघा. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब ठेवायचा. २०२३-२४ ची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे रेकॉर्ड डिसेंबर २०३० पर्यंत. मार्चपासून सहा वर्षं मोजू नका, तिथेच चूक होते. अपील चालू असेल तर निकालानंतर अजून एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, जे उशिरा संपेल ते.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आठ वर्षं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंद करता येत नाही. एंट्री कधी बदलली ते त्यात राहतं. आपलं दुकान एकट्याचं, पण मीही चालू ठेवलाय. गल्ल्यावर पोरं असतात ना!

बॅकअप पेनड्राइव्हवर घेतलाय? मग आज एकदा रिस्टोर करून बघा, उघडतोय का.