चाळीस वर्षांचे मस्टर

सप्टेंबर २०२० मध्ये ‘विराट’ मुंबईहून अलंगच्या भंगारतळाकडे निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या पराक्रमाच्या आठवणी छापल्या. ते योग्यच होते. पण तिच्या चरित्रातले एक पान फारसे कोणी उलटले नाही. १९५९ मध्ये ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका भारताने घेतली, तेव्हा तिची डागडुजी प्लिमथच्या डेव्हनपोर्ट गोदीत झाली आणि १९८७ मध्ये ती आपल्या नौदलात आली. त्याच गोदीत त्याच्या वीसेक वर्षे आधी पी. जी. हॅरीज हे नौदलाचे डॉक्टर कामगारांच्या छात्या तपासत होते. १९६८ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी गोदीवाल्यांची झोप उडायला हवी होती. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने आजारी पडणाऱ्यांत फक्त ॲस्बेस्टॉस हाताळणारे कामगार नव्हते. त्याच कप्प्यात शेजारी आपापले काम करत राहिलेले इतर कारागीरही होते.

जहाजात ॲस्बेस्टॉस आले ते वाफेमुळे. बॉयलर, टर्बाइन, मैलभर पसरलेले वाफेचे पाइप हे सगळे अरुंद जागेत, आणि आग लागली तर पळायला चहूकडे समुद्र. न जळणारा, स्वस्त आणि हवा तसा वळणारा हा खनिज धागा अभियंत्यांना वरदान वाटला, यात त्यांचा दोष नाही. पाइपांवर त्याचे आवरण चढवण्याच्या कामाला लॅगिंग म्हणतात. पावडर पाण्यात कालवायची, लगदा पाइपावर थापायचा, वरून ॲस्बेस्टॉसचेच कापड गुंडाळायचे. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठच्या गोद्यांतले लॅगर या लगद्याचे गोळे करून एकमेकांना फेकून मारत. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. नव्या बांधणीपेक्षा दुरुस्ती अधिक घातक होती, कारण आधी जुने, वाळून भुसभुशीत झालेले लॅगिंग खरवडून काढावे लागे. बंद कप्प्यात ती धूळ तासन्‌तास तरंगत राही. लॅगर मूठभर, पण फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रंगारी यांची संख्या मोठी, आणि श्वास सगळ्यांचा एकाच हवेतला.

हा धागा डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक असतो. फुप्फुसात खोल गेला की शरीराच्या पेशींना तो पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. त्याभोवती व्रण धरत जातात, फुप्फुस ताठर होते, धाप लागू लागते. हा ॲस्बेस्टोसिस. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. त्यात विडी-सिगारेटची भर पडली की काय होते, ते अमेरिकेत हॅमंड आणि सेलिकॉफ यांच्या १९७९ च्या अभ्यासात दिसले. धूम्रपान न करणाऱ्या लॅगरला या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका धूळ आणि धूम्रपान या दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या सुमारे पाचपट होता, धूम्रपान करणाऱ्याला पन्नासपटीहून अधिक. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग. १९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांच्या आधारे त्याचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. याला धुळीची मात्रा फार लागत नाही. पाच वर्षांनी लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात अशा स्त्रिया आढळल्या, ज्यांनी कारखान्यात पाऊलही टाकले नव्हते. त्यांनी फक्त घरच्या माणसाचे कामावरचे कपडे धुतले होते.

धूळ आणि मेसोथेलिओमा यांच्यामध्ये वीस ते पन्नास वर्षे जातात. माझ्या मते या प्रकरणाचे सारे राजकारण आणि न्यायकारण या कालावधीत आहे.

अमेरिकी नौदलासाठी फ्लायशर, ड्रिंकर प्रभृतींनी युद्धकाळात चार गोद्यांतील १,०७४ पाइप-लॅगर तपासले. ॲस्बेस्टोसिसचे रुग्ण आढळले तीन. १९४६ मध्ये निष्कर्ष छापला गेला की हा धंदा धोक्याचा म्हणता येत नाही. आकडे खरे होते, पण तपासलेल्यांपैकी ९५ टक्के कामगारांना या कामावर दहा वर्षेही झाली नव्हती. आजार उगवायच्या आधीच शेत पाहून आले आणि पीक नाही म्हणून सांगितले. पुढे कितीतरी वर्षे उत्पादकांचे वकील हाच निबंध न्यायालयात फडकवत राहिले. ब्रिटनने तर १९३१ मध्येच धूळ-नियंत्रणाचे नियम केले होते; पण ते कारखान्यातील ठरावीक प्रक्रियांपुरते. जहाजाच्या पोटात चालणारे लॅगिंग त्यांतून जवळजवळ सुटलेच.

१९७३ मध्ये टेक्सासमधील एका लॅगरच्या दाव्यात अमेरिकी अपील न्यायालयाने धोक्याची सूचना न देणाऱ्या उत्पादकांना जबाबदार धरले. तो निकाल लागला तेव्हा फिर्यादी हयात नव्हता. नंतर दाव्यांचा इतका पूर आला की जॉन्स-मॅनव्हिल ही बलाढ्य कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. नौसैनिकांच्या वाट्याला मात्र वेगळाच न्याय आला. १९५० च्या एका निवाड्यामुळे त्यांना सेवेतील इजेबद्दल स्वतःच्या सरकारवर दावा लावता येत नाही.

ब्रिटनमध्ये प्रश्न निराळा उभा राहिला. कामगाराने चार गोद्यांत काम केले, चारही ठिकाणी धूळ खाल्ली. मेसोथेलिओमा कोणत्या मालकाच्या धुळीने झाला? विज्ञानाला ते सांगता येत नाही. म्हणून २००१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की मग कोणीच जबाबदार नाही! फेअरचाइल्ड खटला म्हणून गाजलेल्या या प्रकरणात २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय फिरवला. धोका वाढवणारा प्रत्येक मालक जबाबदार ठरला. २००६ च्या मे महिन्यात त्याच सभागृहाने प्रत्येकाने आपापल्या हिश्शापुरतेच द्यावे असे म्हटले. म्हणजे बुडालेल्या कंपन्यांचा वाटा रुग्णाच्या माथी. त्यावर गोदी भागातून एवढा संताप उसळला की तीन महिन्यांच्या आत संसदेने कायदा करून पूर्ण भरपाई परत आणली.

हे वाचून आपल्याकडे अनेक मालकांना जबाबदार धरणारा कायदा कधी येणार, असे वाटेल. तो आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ॲस्बेस्टोसिस व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदला गेला. शिवाय कलम ३ (२अ) ने, फेअरचाइल्डच्या कितीतरी आधी, अशा आजारात अनेक मालक असतील तर आयुक्तांनी त्यांच्यात भरपाई न्याय्य प्रमाणात वाटावी अशी तरतूद केली. आणि २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्याच निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश होता: प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामावर लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांतील जे नंतर येईल तोवर जपा.

मला हा निकाल त्यातील मोठ्या तत्त्वापेक्षा या कारकुनी वाक्यासाठी मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी आजाराचा कालावधी ओळखला होता. मालक कोण ते सिद्ध करायला मस्टर लागते, आणि मस्टर आजारापेक्षा जास्त जगले पाहिजे.

आता हे अलंगला किंवा मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या जागेला लावून पाहा. २०१४ मध्ये जुनी ‘विक्रांत’ दारूखान्यातच फोडली गेली. १९५० ते ८० च्या दशकांत बांधलेल्या जहाजांत ॲस्बेस्टॉस नसणे हाच अपवाद. ते कापणारा गॅस कटर ओडिशाचा, झारखंडचा, उत्तर प्रदेशचा; मुकादमाने आणलेला, आज या प्लॉटवर तर उद्या त्या. वीस-तीस वर्षांनी धाप लागेल तेव्हा तो गावी असेल आणि गावचा डॉक्टर बहुधा आधी क्षयाचाच संशय घेईल. २००६ मध्ये जहाजतोडणीबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीपुढे अहवाल आला की ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांपैकी १५ जणांच्या एक्स-रेवर ॲस्बेस्टोसिसशी जुळणाऱ्या रेषा आहेत. निदान पक्के नव्हते, पण धोक्याची घंटा म्हणून पुरेसे होते.

त्याच वर्षी ‘क्लेमांसो’चे प्रकरण गाजले. अलंगकडे निघालेल्या या फ्रेंच युद्धनौकेत किती ॲस्बेस्टॉस आहे यावर काही डझन टन ते कित्येकशे टन असे दावे झाले. अखेर १५ फेब्रुवारीला अध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली आणि पुढे ती इंग्लंडात हार्टलपूलला तोडली गेली. ते जहाज आपल्याकडे तोडले गेले नाही याचे समाधान मानायला हरकत नाही. पण तो गाजावाजा एका जहाजाचा होता, आणि अलंगला बाकीची जहाजे येतच राहिली. पुढे २०१९ चा जहाज पुनर्वापर कायदा झाला आणि २६ जून २०२५ पासून सुरक्षित जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार लागू झाला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या जहाजांबरोबर तोडणीआधी घातक पदार्थांची यादी असणे आता बंधनकारक आहे. जहाजाचे कागद आता सुधारतील. जो ते कापतो त्याचे कागद कोण सुधारणार, हा प्रश्न कामगार खात्याला विचारत राहावा लागेल.

तोवर एक करता येईल. तुमच्या घरात, शेजारी, गावी कोणी गोदीत, बॉयलरवर, लॅगिंगवर किंवा जहाजतोडणीत काम केले असेल, तर त्यांचा गेटपास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद रद्दीत घालू नका. आणि खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी विचारो न विचारो, तीस वर्षांपूर्वी काय काम होते ते आधी सांगा.