एक कॅमेरा, रोज २१.६ जीबी

गेटवरचा फुल एचडी कॅमेरा २ एमबीपीएस दराने चोवीस तास चित्र पाठवत राहिला, तर दिवसाला २१.६ जीबी डेटा होतो. ट्रायच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये देशात १,९४,७७४ पेटाबाइट बिनतारी डेटा वापरला गेला. आदल्या वर्षी तो १,६०,०५४ पेटाबाइट होता, म्हणजे वाढ २१.६९ टक्के. सुमारे ९१ कोटी ग्राहकांत हा आकडा वाटला की माणशी महिन्याला १८ जीबीच्या आसपास येतात. सरासरी ग्राहकाला महिनाभर पुरणारा डेटा हा कॅमेरा एका दिवसात संपवतो. असे चार कॅमेरे महिन्याला २,५९२ जीबी पाठवतात. अनेक फायबर प्लॅनमध्ये ‘अनलिमिटेड’ म्हणजे ३,३०० जीबी. त्यातले ७९ टक्के कॅमेऱ्यांनीच खाल्ले.

पण हे सगळ्या घरांना लागू नाही. रेकॉर्डिंग कुठे होते, यावर सगळे अवलंबून. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर होत असेल, तर ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांच्या आत भरते आणि जुन्या फूटेजवर नवे चढते. मोबाइलवर कोणी अ‍ॅप उघडेपर्यंत वाय-फायवर भार जवळपास शून्य. क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप जात असतील, तर भार क्लिपपुरता. हॉलमधल्या एनव्हीआरवर, म्हणजे चित्र साठवणाऱ्या पेटीवर, अखंड रेकॉर्डिंग असेल, तर इंटरनेटचा खर्च शून्य, पण वाय-फायवर पूर्ण २१.६ जीबी. पुढचा हिशेब या शेवटच्या घराचा, म्हणजे जिथे चित्र थांबून थांबून येते आणि ‘एक एक्स्टेंडर लावून टाका’ असा सल्ला मिळतो, त्या घराचा.

कागदावर अडचण दिसत नाही. राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेले असते आणि चार कॅमेऱ्यांना ८ लागतात, म्हणजे २.७ टक्के. पण ३०० हा आकडा दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलचा आहे. घरगुती कॅमेऱ्याला बहुधा एकच अँटेना असतो आणि तो २० मेगाहर्ट्झवर बोलतो. त्याची कमाल ६५ ते ७२ एमबीपीएस, तीही सिग्नल चांगला असेल तर. ८०२.११एन मानकात ६५ एमबीपीएससाठी उणे ६४ डीबीएम सिग्नल धरला आहे. उणे ८२ ला सर्वांत खालची पायरी येते, ६.५ एमबीपीएस. फरक १८ डीबीचा. त्यात सिग्नलची शक्ती ६३ पटींनी घटते आणि वेग दहा पटींनी.

६.५ हा आकडाही २ पेक्षा तिप्पट आहे, मग चित्र का अडखळते? कारण वाय-फायमध्ये वेग वाटला जात नाही, वेळ वाटला जातो. एका चॅनलवर एका क्षणी एकच यंत्र बोलू शकते. पोचपावत्या, वाट पाहणे, पुन्हा पाठवणे यांत जाणारा वेळ वजा करून ६० टक्के हाती लागतात असे धरू. उणे ८२ वरच्या कॅमेऱ्याला ६.५ पैकी ३.९ एमबीपीएस मिळतात. २ एमबीपीएसचे चित्र पाठवायला तो चॅनलचा ५१ टक्के वेळ घेतो. तेच चित्र उणे ६४ वरचा कॅमेरा ५ टक्क्यांत पाठवतो. गेटवर एक आणि मागच्या दारी एक, असे दोन कमजोर कॅमेरे झाले की बेरीज १०२ टक्के. याचा त्रास फक्त त्या दोघांना होत नाही. राउटरशेजारच्या कॅमेऱ्याचे चित्रही अडकते आणि दोष नेमका त्याला दिला जातो.

आता एक्स्टेंडर. एकाच बँडचा एक्स्टेंडर वेग निम्मा करतो, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते, कॅमेऱ्याकडून एक्स्टेंडरकडे आणि तिथून राउटरकडे. तरीही तो मध्यावर लावला तर आकडे उलटे बोलतात. अंतर निम्मे झाले की मोकळ्या हवेत ६ डीबी वाचतात. मधली एखादी विटांची भिंत मागे पडली आणि आणखी ६ वाचले, तर उणे ८२ चे उणे ७० होतात. तिथे वेग ३९ एमबीपीएस, हाती २३.४. एका टप्प्याला ८.५ टक्के वेळ, दोन टप्प्यांना १७. वेग निम्मा करणाऱ्या यंत्राने चॅनलवरचा भार ५१ वरून १७ टक्क्यांवर आणला.

तोच एक्स्टेंडर कॅमेऱ्याखाली, पोर्चमधल्या सॉकेटमध्ये लावला तर? बहुतेक घरांत तो तिथेच असतो, कारण अ‍ॅपमध्ये रेंज नाही असे दिसते ती जागा तीच. पहिला टप्पा ५ टक्क्यांत होतो. दुसरा टप्पा मात्र जुन्याच अंतराचा आणि जुन्याच भिंतींचा. तिथे वेग ६.५ राहिला तर एकूण ५६ टक्के, म्हणजे एक्स्टेंडर नव्हता तेव्हापेक्षा वाईट. त्याचे अँटेना कॅमेऱ्यापेक्षा बरे म्हणून १३ एमबीपीएस मिळाले, तरी ३१ टक्के. अ‍ॅपमध्ये मात्र कॅमेऱ्याचा सिग्नल पूर्ण दिसतो, कारण तो कॅमेरा ते एक्स्टेंडर एवढाच मोजलेला असतो.

ड्युअल बँड एक्स्टेंडरने गणित आणखी बदलते. कॅमेऱ्याशी तो २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि राउटरशी ५ वर, त्यामुळे दोन टप्पे एकमेकांच्या वेळेत येत नाहीत. मध्यावरून चार कॅमेऱ्यांचा २.४ वरचा भार ६८ ऐवजी ३४ टक्के होतो. सोसायटीत हा फरक जास्त जाणवतो. २.४ च्या बँडमध्ये एकूण ८३.५ मेगाहर्ट्झ आहेत आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीन, १, ६ आणि ११. तेच शेजाऱ्यांनाही वापरायचे असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये २०१८ पासून भारतात ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले आहेत, म्हणजे सव्वासात पट. किंमत अशी की तेवढ्याच अंतरात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ६ ते ७ डीबी जास्त पडतो आणि भिंतीतही जास्त मुरतो. म्हणून ड्युअल बँड एक्स्टेंडर मध्यापेक्षा थोडा राउटरकडे सरकवावा. खोक्यावरच्या ‘एसी १२००’ने हुरळून जाऊ नये. तो वेग नाही, बेरीज आहे: ३०० अधिक ८६७. आणि २.४ वरच्या कॅमेऱ्याला त्यातल्या ८६७ चा थेट काही उपयोग नाही.

मोबाइलवरच्या दांड्यांचेही तसेच. गेटपाशी उभे राहून मोबाइल पाहिला की राउटरचा आवाज किती येतो ते कळते. कॅमेऱ्याचा प्रवाह उलट दिशेचा. राउटर २० डीबीएमने बोलत असेल आणि कॅमेरा १५ ने, तर मोबाइलवर उणे ७७ दिसताना राउटरला कॅमेरा उणे ८२ वर ऐकू येतो. म्हणून आकडा राउटरच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पाहावा. तिथे तो दिसत नसेल, तर मोबाइलच्या आकड्यातून ५ वजा धरावेत.

विजेचा मुद्दा आकड्याने लहान. ५ वॉटचा एक्स्टेंडर वर्षाला ४४ युनिट घेतो. युनिट १० रुपये धरले, तर ४४० रुपये. पण भारनियमनात तो महाग पडतो. राउटर १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर चालू राहतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसणाऱ्या एक्स्टेंडरला २३० व्होल्ट लागतात, मिनी यूपीएस त्याला चालवू शकत नाही. सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल, तर अंधार पडताक्षणी गेटवरचे चित्र जाते. कॅमेरा मात्र त्याच अंधारासाठी बसवलेला असतो.

दुसरा मार्ग केबलचा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि हवेतला शून्य टक्के वेळ घेते. पीओईची केबल वीजही नेते: मूळ मानकात कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉट. पीओई स्विच इन्व्हर्टरवर असला की कॅमेराही इन्व्हर्टरवर. एक-दोन वाय-फाय कॅमेरे असतील तर मध्यावर ड्युअल बँड एक्स्टेंडर पुरतो. तीनच्या पुढे, आणि एनव्हीआरवर अखंड रेकॉर्डिंग हवे असेल, तर एक्स्टेंडरचे पैसे केबलवर घालावेत. रंगकाम किंवा प्लास्टर निघणार असेल, तर भिंती बंद होण्याआधी गेटपर्यंत पाइप टाकून घ्या.