शनिवारवाड्यापासून शंभर मीटर

केंद्र आणि राज्य यांच्यातली ओढाताण म्हटली की आपल्याला राज्यपाल आठवतात, जीएसटीचा हिस्सा आठवतो, फार तर १९९४चा बोम्मई निकाल. पुण्याच्या कसब्यात जुन्या वाड्यात राहणाऱ्याला मात्र टेप आठवते. शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून आपलं घर शंभर मीटरच्या आत की बाहेर, यावर त्याचं बरंच काही ठरतं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वास्तूंचीही वाटणी आहे. संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली स्मारकं संघसूचीत, नोंद ६७. बाकीची राज्यसूचीत, नोंद १२. कागदावर स्वच्छ. पण भिंतीबाहेरची जमीन राज्याचा विषय, नगररचना राज्याच्या १९६६च्या कायद्याखाली, आणि घरपट्टी महापालिकेची. गोची इथे आहे. केंद्राचा कायदा भिंतीपाशी थांबत नाही.

१९५८च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली १६ जून १९९२ रोजी अधिसूचना निघाली: स्मारकाभोवतीचे पहिले शंभर मीटर बांधकामाला प्रतिबंधित, पुढचे दोनशे नियंत्रित. तरी पुरातत्त्व खातं समिती नेमून अधूनमधून सवलत देई. ती पद्धत दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये बेकायदा ठरवली, आणि २०१० मध्ये संसदेनं शंभर मीटर थेट कायद्यातच घातले. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद. डोंगरावरचं लेणं असो की पेठेतला वाडा, अंतर एकच. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनं केंद्र हे कडं वाढवू शकतं. कमी करण्याची तरतूद मात्र नाही. या कलमाइतकं दिल्लीच्या स्वभावाचं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

जवळच लालमहाल आहे. मूळ वास्तू उरली नाही. आजची महापालिकेनं बांधली, काम १९८८ मध्ये पुरं झालं. शिवरायांचं बालपण आणि १६६३चा शाहिस्तेखानावरचा छापा या जागेशी जोडलेला, तरी तिच्याभोवती असं कडं नाही. कायदा आठवणी मोजत नाही, उरलेला दगड मोजतो. शनिवारवाडाही १८२८च्या आगीतून उरला तो मुख्यतः तट, दरवाजे आणि जोतीच.

कायदा फक्त गरिबालाच अडवतो असं नाही. केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या महामेट्रोलाही आगाखान पॅलेसजवळ मार्ग कल्याणीनगरकडे वळवावा लागला. पुढे या बंधनातून वाट काढणारं विधेयक लोकसभेनं जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केलं. सवलत होती ती सार्वजनिक कामांना, तीही केंद्राच्या खात्यांनी खर्च करून केलेल्या. राज्याचा पूल बसत नव्हता, कसब्यातलं घर तर नव्हतंच. विधेयक राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं.

दरम्यान राज्यानं डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. जुन्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी तिच्यात चटईक्षेत्राचं आमिष आहे. शंभर मीटरच्या आत ते वापरायचं कुठे? २०२३च्या पोटनिवडणुकीत कसब्यानं रवींद्र धंगेकरांना निवडलं, २०२४ मध्ये हेमंत रासने यांना. पक्ष बदलले. पण आमदार विधानसभेत बसतो आणि कायदा संसदेचा आहे.

सगळं राज्याकडे सोपवावं, असं मात्र मला वाटत नाही. चटईक्षेत्राची भूक पुणेकरांनी पाहिली आहे. कडं उठलं तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर टॉवर उभा राहायला वेळ लागणार नाही. स्मारक केंद्राकडेच राहावं, पण त्याच्या भोवतालचं अंतर आणि उंची प्रत्येक स्मारकापुरती, महापालिकेला बरोबर घेऊन ठरावी. आज या तिघांत सर्वांत कमी अधिकार तिलाच आहे, आणि पडणाऱ्या भिंतीखाली माणूस सापडला तर पहिली विचारणा तिलाच होते.

म्हणून ती महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक वाड्याला नोटीस काढते: रिकामा करा, उतरवा. केंद्राच्या कायद्याचं कलम २०-सी मात्र शंभर मीटरच्या आत १९९२च्या त्या तारखेआधीच्या बांधकामाला दुरुस्ती आणि नूतनीकरण एवढीच परवानगी देतं. मालक पहिला कागद पाळून वाडा उतरवतो, तेव्हा दुसऱ्या कागदानुसार दुरुस्त करण्याजोगं काही उरत नाही. भाडेकरूंना हे ठाऊक असतं, म्हणून ते तुळयांना टेकू लावून आत राहतात.