लिनक्स सोपं झालं, आता दुरुस्तीवाल्याचं बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची अपडेट देणं थांबवलं. नेमका तोच मुहूर्त साधून डब्लिनच्या झोरिन ग्रुपने झोरिन ओएस १८ ही नवी आवृत्ती काढली. विंडोजच्या जागी संगणकावर घालता येणारी, लिनक्सवर बेतलेली ही प्रणाली आहे आणि तिची साधी आवृत्ती फुकट मिळते. महिनाभरात ती दहा लाख वेळा डाउनलोड झाली, त्यातली ७८ टक्के डाउनलोड विंडोजच्या संगणकांवरून झाली, असं कंपनी सांगते. डाउनलोड करणाऱ्या सगळ्यांनी ती वापरायला घेतली असेल असं नाही. पण एवढे लोक निदान चौकशीला आले.

दापोलीजवळचं हर्णे म्हटलं की सुवर्णदुर्ग आणि पुळणीवरचा माशांचा लिलाव डोळ्यांपुढे येतो. पण नौकेची नोंदणी, सातबारा, दाखले, लॉजचं बुकिंग ही सगळी कामं आता तिथेही संगणकावरच होतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं मशीन ठणठणीत असलं तरी अधिकृतपणे बाद ठरतं. झोरिनला असली अट नाही. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते, तेवढ्याने हार्डडिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेन्यू सगळं ओळखीचं. विंडोजच्या एखाद्या नेहमीच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉल करायची फाइल उघडायला गेलात, तर त्याऐवजी इथे काय वापरावं हे ती सुचवते. लिब्रेऑफिस सोबतच येतं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडता येतो. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं, ही तक्रार आता जुनी झाली.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. टॅली विंडोजसाठीच आहे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव आणि अर्ज युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नीट वापरता येणार नाहीत. गावोगाव दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० प्रिंटरचा लिनक्सवरचा ड्रायव्हर जुना, आणि तो बसवणं नवख्याचं काम नव्हे. त्यामुळे सेवा केंद्रवाल्याने एवढ्यात या भानगडीत पडू नये, असंच माझं मत आहे. शाळेची संगणक खोली, वाचनालय, लॉजचा काउंटर यांची गोष्ट निराळी. तिथलं बहुतेक काम ब्राउझरमध्येच उरकतं.

तरीही तिथे लिनक्स दिसत नाही, कारण प्रश्न वापरणाऱ्याचा नाहीच. मशीन बिघडलं की ते दापोलीला जातं आणि तिथला दुरुस्तीवाला फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, पुष्कळदा परवान्याविना. ते त्याला डोळे मिटून जमतं आणि त्यावर त्याचं पोट आहे. शिवाय एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या एका पिढीला संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस हेच समीकरण शिकवलं. केरळने उलटी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं लिनक्स वापरतात, काईट ग्नू/लिनक्स ही त्यांची स्वतःची आवृत्ती आहे, आणि शिक्षकांनाही त्यावरच प्रशिक्षण मिळतं. केरळची मुलं काही जन्मतःच लिनक्स शिकून येत नाहीत.

‘फुकटचं विंडोज चालतंय की, मग कशाला?’ असं विचारणारे भेटतात. चालतं, पण त्यात कोणी काय घुसडलंय ते कळत नाही, आणि त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला जातो, पाहुण्यांच्या आधारच्या प्रती पडून असतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आहे, हेही खरं. पण ते एकच वर्ष. झोरिन १८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणून आधी गाठायला हवा तो दापोलीचा दुरुस्तीवाला. लिनक्स बसवण्याचे आणि वर्षभर सांभाळण्याचे पैसे त्याला मिळाले, तर तो आपणहून शिकेल. आणि शाळेने किंवा लॉजने त्याला बोलावलंच, तर हार्डडिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून झोरिन सुरू करून आपल्या प्रिंटरवर एक पान छापून दाखवायला सांगावं.